व्हॅलेन्सियातले चार दिवस आणि एक राहिलेला हिशेब



युरोपात स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांच्या बोलण्यात हल्ली 'सिटी ब्रेक' हा शब्द वारंवार येतो. आपल्याकडील परदेशी सहल म्हणजे पंधरा दिवसांत सात देश आणि परतल्यावर विश्रांतीसाठी आणखी आठ दिवस. त्यांची रीत निराळी आहे. चार दिवसांची सुट्टी, एकच शहर, एकच मुक्काम आणि हाती लहानशी बॅग. ऑक्टोबर लागला, उत्तरेकडे आभाळ झाकोळून आले, की ही कुटुंबे दक्षिणेच्या किनाऱ्याकडे निघतात. कोणी स्पेनमधील मालागा किंवा व्हॅलेन्सिया गाठतो, कोणी फ्रान्समधील नीस, तर कोणी माल्टा. उन्हाळ्यातील गर्दी ओसरलेली असते, निवासाचे दर उतरलेले असतात आणि समुद्र मात्र उन्हाळाभर तापलेला असल्यामुळे अजून पुरता थंडावलेला नसतो.

गेल्या शरद ऋतूत आम्हां उभयतांना हा अनुभव घेता आला. माझी भाची विवाहानंतर बेल्जियममधील अँटवर्प येथे राहते. तेथील हिरेबाजारात जैन कुटुंबांचा वावर अनेक दशकांचा आहे आणि त्या नगरीत आपले देखणे जिनमंदिरही आहे. दिवाळी आम्ही तिच्याकडेच केली. पाठोपाठ ऑक्टोबरच्या अखेरीस तिच्या मुलांना शाळेची शरद सुट्टी लागली आणि तिने व्हॅलेन्सियाचा बेत मांडला.

आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम स्पष्ट नकार दिला. चातुर्मास संपण्यास अजून आठवडा होता. त्यांचा चौविहार अनेक वर्षांचा, कंदमूळ जन्मापासून वर्ज्य, आणि रोज सकाळी चौदा नियम धारण करण्याचा परिपाठ. त्यांत दिशेचीही मर्यादा येते : आज किती अंतरापर्यंत जाईन, हे सकाळीच ठरवायचे. "मी समुद्रावर ऊन खायला आले नाही," त्या म्हणाल्या.

भाचीने शांतपणे उत्तर दिले, "मामी, इथे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. तिथे पाऊण तास जास्त मिळेल. तुमच्या चौविहाराला तेच गाव बरे." या युक्तिवादापुढे आमचा नकार टिकला नाही.

ब्रुसेल्सहून सुमारे सव्वादोन तासांत विमान व्हॅलेन्सियास पोचते. स्पेनमधील हे तिसऱ्या क्रमांकाचे मोठे शहर, लोकवस्ती सुमारे आठ लाख. ऑक्टोबरात तेथील दुपार साधारण तेवीस-चोवीस अंशांची असते. ऊन आपल्या पुण्यातील माघासारखे, अंगाला गोड लागणारे.

त्या देशाचे घड्याळ समजून घेतल्यास आपल्यासारख्यांची मोठी सोय होते. व्हॅलेन्सिया जवळजवळ ग्रिनिचच्या रेखांशावर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने त्याची वेळ लंडनची असावयास हवी. परंतु १९४० सालापासून स्पेनने मध्य युरोपाची वेळ धरली आहे. त्यामुळे तेथील सर्वच व्यवहार घड्याळात उशिरा दिसतात. दुपारचे मुख्य भोजन दोनला सुरू होते आणि रात्रीचे नऊला. रात्रीच्या भोजनाशी आपला संबंधच नाही. दोन ते चार हे मुख्य जेवण आणि सहाच्या आत थोडा फलाहार, असा आमचा क्रम बसला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे सरकतात. त्यानंतर तेथे सूर्योदय साडेसातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहा वाजून काही मिनिटांनी होतो. नवकारशी सव्वाआठला पारावी आणि फिरावयास निघावे. चौविहार पाळणाऱ्याने याच कारणाने जून-जुलैपेक्षा ऑक्टोबर निवडावा. उन्हाळ्यात तेथे सूर्य साडेनऊपर्यंत मावळत नाही आणि प्रतिक्रमणाची वेळ पार रात्रीत जाते.

आहाराविषयी मात्र डोळ्यांत तेल घालून राहावे लागते. 'व्हेजिटेरियन' या शब्दाचा तेथील अर्थ आणि आपला अर्थ यांत मोठे अंतर आहे. तेथील प्रसिद्ध आमलेटात अंडी आणि बटाटा हेच मुख्य. पावावर टोमॅटो चोळून देतात, पण अनेकदा आधी लसूण चोळलेला असतो. गाझपाचो या थंड सूपमध्येही लसूण असतो. ला मांचा प्रांतातील प्रसिद्ध चीज प्राणिज रेनेटने विरजलेले असते. बदामाची तुर्रोन नावाची मिठाई आपल्या चिक्कीच्या जवळची वाटते, परंतु ती मधात बांधलेली असते आणि तिच्यात अंड्याचा पांढरा बलकही असतो. पायेया हा भातही या प्रदेशाचाच, पण मुळात तो कोंबडी व सशाच्या मांसाचा. भाज्यांचा म्हणून मागितला तरी तो कोणत्या पाण्यात शिजवला, हे विचारावेच लागते.

यास्तव भाचीने स्वयंपाकघर असलेली सदनिका घेतली होती. खाकरे, मूगडाळ आणि मसाल्याचा डबा बरोबर होता. शहराच्या दक्षिणेस आल्बुफेरा नावाचे सरोवर असून त्याच्या काठी भाताची विस्तीर्ण शेते आहेत. तो आखूड, टपोरा तांदूळ, ढोबळी मिरची, टोमॅटो आणि थोडे केशर यांचा भात सौ.नी केला. शरदात डाळिंब आणि तेंदूच्या कुळातील 'काकी' हे केशरी फळ मुबलक मिळते, बदाम तर बारमाही. अंजिरेही होती, पण ती आपल्याला अभक्ष्य असल्याने त्या दुकानापुढे आम्ही थांबलो नाही.

पहिला पूर्ण दिवस समुद्राचा. शहराच्या मध्यापासून ट्रामने मालवारोसाच्या किनाऱ्यावर जाता येते. रुंद, सपाट वाळू आणि तिच्या कडेने लांबच लांब फरसबंद वाट. व्हॅलेन्सियात १८६३ साली जन्मलेले चित्रकार होआकीन सोरोया यांनी याच किनाऱ्यावरचे ऊन आयुष्यभर रंगवले. मागेच काबान्याल ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे. तेथील ठेंगण्या घरांच्या दर्शनी भिंतींवर रंगीत फरशा जडवलेल्या आहेत. मुले पाण्यात शिरली. सौ.नी वाळूवर आसन पसरून सामायिक केली. अठ्ठेचाळीस मिनिटे त्यांच्यासमोर केवळ लाटा होत्या. उठल्यावर म्हणाल्या, "घरी इतके स्थिर मन लागत नाही."

संध्याकाळी आम्ही तुरियाच्या पात्रातून चाललो. ही नदी एके काळी शहरातून वाहत असे. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तिला महापूर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर नदीचा प्रवाहच शहराच्या दक्षिणेकडून वळवण्यात आला. कोरड्या पात्रातून महामार्ग काढण्याचा घाट होता, तो नागरिकांनी हाणून पाडला आणि तेथे सुमारे नऊ किलोमीटर लांबीचे उद्यान केले. आज पुलांच्या कमानींखाली संत्र्यांची झाडे आहेत आणि मुले सायकली चालवतात.

या सुखद चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण सहलीच्या जाहिरातीत ती नसते. शरदात तापलेल्या भूमध्य समुद्रावर वरून थंड हवेचा झोत आला, की या किनाऱ्यावर काही तासांत प्रलयंकारी पाऊस कोसळतो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी असेच घडले. वळवलेल्या नदीमुळे मूळ शहर बचावले, पण दक्षिणेकडील गावांत हाहाकार झाला. त्या प्रांतात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मोबाइलवरचा सरकारी इशारा पोचला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि अनेक घरांत पाणी आधीच शिरले होते. वेळेवर न सांगितलेले सत्य किती महाग पडते, याचे इतके दारुण उदाहरण अलीकडे दुसरे नसेल.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास बसलो, तेथे येतो.

जुन्या शहरात 'लोन्हा दे ला सेदा' नावाची वास्तू आहे. लोन्हा म्हणजे व्यापाऱ्यांचा बाजारवाडा आणि सेदा म्हणजे रेशीम. १४८२ ते १५३३ या काळात ती बांधली गेली. युनेस्कोने १९९६ साली तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. किड्यांच्या जिवावर उठणाऱ्या रेशमाचे आपल्याला कौतुक नाही. पण ज्या दालनात हे सौदे होत, ते पाहून व्यापारी घराण्यातील माणसाचे पाऊल अडखळते. दोरखंडाला पीळ द्यावा तसे पीळदार दगडी खांब छतापर्यंत जाऊन तेथे ताडाच्या झावळ्यांसारखे फाकतात. मनोऱ्याच्या वरच्या भागात देणी बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांना कोंडून ठेवीत. याच नगराने १४०७ साली नगराच्या हमीवर ठेवी स्वीकारणारे विनिमयाचे 'मेज' सुरू केले होते. 'बँक' हा शब्दही मुळात सराफाच्या बाकावरूनच आलेला. त्यामुळे मला तेथे आपल्या धंद्याच्या आजोळी आल्यासारखे वाटले.

या दालनाच्या चारही भिंतींवर, छताच्या खालच्या बाजूस, सोनेरी लॅटिन अक्षरांची एक ओळ फिरते. माहितीपत्रकात तिचा अर्थ दिला होता. वास्तूच नगरजनांशी बोलते आहे. ती सांगते, की ज्या व्यापारात जिभेवर कपट नाही, शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडला जात नाही आणि व्याजासाठी पैसा दिला जात नाही, तो व्यापार किती चांगला आहे हे अनुभवून पाहा. असा व्यापारी संपन्न होईल आणि अंती शाश्वत जीवन पावेल.

व्याजाच्या मुद्द्यावर मी मनोमन हसलो, कारण माझी सारी नोकरी व्याजातच गेली. सौ. मात्र गंभीर होत्या. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि भेसळ यांचा समावेश आहे. पाच हजार मैलांवरच्या, वेगळ्या धर्माच्या व्यापाऱ्यांनी तेच भिंतीवर कोरून ठेवावे, याचे त्यांना नवल वाटले.

समोरच १९२८ साली खुला झालेला मध्यवर्ती बाजार आहे. लोखंड, काच आणि फरशांची ती इमारत सुंदर आहे, परंतु आत मांस-मासळीही असल्याने आम्ही बाहेरच थांबलो. जवळच्या गल्लीत एक लहानसे दुकान होते. तेथे 'ओर्चाता' नावाचे दुधासारखे पांढरे, गार पेय मिळते. व्हॅलेन्सियात येऊन ते न पिता जाऊ नये, असे सारेच सांगतात. भाचीने इंटरनेटवर पाहिले होते : त्यात दूध नाही, अंडे नाही, 'टायगर नट' नावाच्या पदार्थाचा रस आणि साखर, इतकेच. नट म्हणजे बदाम-अक्रोडासारखे काही, असे आम्ही गृहीत धरले.

दुकानदार साठीचा असावा. भाचीने मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारले, "दूध? अंडे?" त्याने दोन्हींना नकारार्थी मान हलवली आणि सहा पेले मांडून ओतावयास घेतले. तेवढ्यात भाचीच्या हातातील कागदाकडे त्याचे लक्ष गेले. आम्ही काय खात नाही, ते स्पॅनिशमध्ये लिहिलेला तो कागद ती उपाहारगृहांत दाखवीत असे. येथे दाखवण्याची गरज तिला वाटली नव्हती. त्याने हात पुढे करून तो मागून घेतला, चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचला. शेवटची ओळ होती : जमिनीखाली उगवणारे काहीही नाही.

त्याने जग खाली ठेवला. आत जाऊन मूठभर सुरकुतलेल्या, तपकिरी गोळ्या आणल्या आणि फळीवर ठेवल्या. मग बोट खाली, जमिनीकडे केले. भिंतीवर शेताचे छायाचित्र होते. तेथे नेऊन त्याने गवताची मुळे दाखवली. ही 'चुफा' म्हणजे आपल्या नागरमोथ्याच्या कुळातील एका वनस्पतीचे कंद. शहराच्या उत्तरेस आल्बोराया भागात त्यांची शेती होते. नावात 'नट' असले तरी ते निव्वळ कंदमूळ.

दोन पेले भरलेले होते. त्यांचे पैसे देण्यास जावई पुढे झाले, तर त्याने घेतले नाहीत. समोरच्या संत्र्याच्या रसाच्या दुकानाकडे बोट दाखवून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. सौ.नी त्याला हात जोडले. त्यानेही, काहीसे गोंधळून, हात जोडले.

आम्ही जे विचारले, त्याचे त्याने खरे उत्तर दिलेच होते. दूध नाही, अंडे नाही. तेवढ्यावर तो थांबला असता, तर खोटे बोलल्याचा ठपका त्याच्यावर कोणीही ठेवू शकले नसते. आम्ही पेले रिकामे केले असते आणि सौ.चे जन्माचे व्रत नकळत मोडले असते. पण त्याला आमची गरज कळली आणि न विचारलेले त्याने सांगितले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सांगतो.

सन २००७. मी एका शाखेचा व्यवस्थापक होतो. विमा आणि शेअर बाजार यांची सांगड घातलेल्या योजना बँकांतून जोरात विकल्या जात होत्या आणि प्रत्येक शाखेला उद्दिष्ट दिलेले असे. आपल्याच समाजातील एक भगिनी आल्या. त्यांचे यजमान नुकतेच निवर्तले होते. दुकान आवरून आलेली रक्कम त्यांच्या हाती होती. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले : यावर कर लागेल का, आणि पाच वर्षांनी पैसे काढता येतील का? दोन्हींची उत्तरे मी अचूक दिली. पहिल्याच वर्षी हप्त्यातून मोठी रक्कम शुल्कापोटी कापली जाईल, आणि उरलेल्या पैशाचे मोल बाजाराबरोबर खालीवर होईल, हे त्यांनी विचारले नाही. ते कागदपत्रांत बारीक अक्षरांत छापलेले होते. मी सांगितले नाही.

पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. त्या शाखेत आल्या, कागद माझ्यापुढे ठेवला आणि आकडा समजून घेतला. रागावल्या नाहीत. उठताना एवढेच म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं होतंत ते खरंच होतं." २०१० साली नियामकाने अशा योजनांच्या शुल्कावर मर्यादा घातली, पण तोवर त्यांचे नुकसान होऊन गेले होते. त्या वर्षी माझ्या शाखेचे उद्दिष्ट मात्र पूर्ण झाले होते.

दर संवत्सरीला मी समस्तांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत आलो. पूर्वी कार्डे पाठवीत असे, आता मोबाइलवरून एकाच वेळी तीनशे जणांना पाठवतो. त्या तीनशेंत त्याही असतील. पण ज्या गोष्टीची क्षमा मागावयाची, ती गोष्ट मी त्यांच्यापुढे कधी उच्चारली नव्हती. बँकेच्या भाषेत सांगावयाचे, तर ढोबळ नोंद करून मी खाते बंद केले होते; ताळा कधी घेतलाच नव्हता.

दुसरा दिवस गुरुवार होता. कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता पाण्याचे न्यायालय बसते. आठ कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी काळे अंगरखे घालून वर्तुळात बसतात, कालव्यांची नावे पुकारली जातात, आणि तक्रार असल्यास तेथल्या तेथे तोंडी निवाडा होतो. २००९ साली युनेस्कोने या परंपरेची दखल घेतली. त्या दिवशी एकही तक्रार नव्हती. काही मिनिटांत पंच उठले. एवढ्या मोठ्या शेतीचा पाण्याचा व्यवहार तोंडच्या शब्दावर शतकानुशतके चालला आहे, हे पाहताना माझ्या मनात मात्र एकच तक्रार पुकारली जात होती.

पुढे जाणाऱ्यांसाठी माझ्याकडूनही काही न विचारलेल्या गोष्टी. शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो केवळ अर्जापुरता घेऊ नका, त्यातील अपवाद वाचा. कार्ड वापरताना यंत्र विचारते, रक्कम रुपयांत हवी की युरोंत? रुपये सोयीचे वाटतात, पण तो विनिमयदर बहुधा महाग पडतो, म्हणून युरो निवडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोज सकाळी हवामानखात्याचा इशारा पाहा आणि तांबडा इशारा असेल त्या दिवशी बाहेर पडू नका. आणि आपला आहार कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून न्या. 'शाकाहारी' एवढाच शब्द लिहू नका. कांदा, लसूण, बटाटा, मध, अंडे यांची नावे घाला आणि शेवटची ओळ विसरू नका : जमिनीखाली उगवणारे काहीही नाही.

पुण्यास परतल्यावर, चौमासी चौदसीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, मी त्या भगिनींच्या घरी गेलो. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. मुलाच्या संसारात सुखी आहेत. योजनेचे नाव, वर्ष, रक्कम आणि त्या दिवशी मी काय सांगितले नाही, ते सारे क्रमाने सांगितले आणि हात जोडले.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, मीच नीट विचारलं नाही. अठरा वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते."

हे ओझे त्यांच्यावर आहे, याची मला कल्पनाही नव्हती. त्यांची रक्कम बुडाली, एवढाच हिशेब मी मांडला होता. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिले. "मावळायला दहा मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या, "पाणी घ्या."

मी पाणी घेतले. दुसऱ्या दिवशीच्या प्रतिक्रमणात क्षमेचे शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा माझ्यासमोर होता. आपल्यापैकी प्रत्येकाच्या पेढीवर, दुकानात, कचेरीत असे एखादे गिऱ्हाईक असेल, ज्याने विचारले नाही आणि आपण सांगितले नाही. परदेशी जाण्याचा योग येईल तेव्हा येईल. त्या गिऱ्हाइकाचे घर मात्र बहुधा जवळच असते.